सेक्टर तेरा

चंदीगड, ३ सप्टेंबर १९८९

प्रिय आत्या,

माझं मराठी बघून हसू नकोस. आई होती तेव्हा तुझ्या पत्राच्या खाली माझ्याकडून दोन ओळी लिहून घ्यायची, तेवढीच माझी शाळा. आता घरात मी आणि बाबा, आणि बाबा हॉस्पिटलमधून आले की कोणत्याच भाषेत बोलत नाहीत.

काम असं आहे की मला शब्द पाहिजेत. माझ्या कॉलेजात हरमीत म्हणून मुलगा आहे. त्याचा मोठा भाऊ इंग्लंडला साउथॉलमध्ये असतो, त्याने अमेरिकेतल्या काळ्या मुलांच्या कॅसेट पाठवल्यात. ती मुलं गात नाहीत, बोलतात. ठेक्यावर, भराभर, यमक जुळवून, आणि जे बोलायचं नसतं नेमकं तेच. पोलीस, सरकार, सगळं. त्याला हिप हॉप म्हणतात. आम्ही दोघं तसा एक पूर्ण अल्बम बनवतोय. हरमीतच्या वडिलांची इंडस्ट्रियल एरियात नट-बोल्टची शेड आहे. तिथल्या प्रेस मशीनचा आवाज आम्ही टेप केला, ठाक-ठाक-धप्प. तोच आमचा तबला. वरून त्याचा छोटा कॅसिओ कीबोर्ड.

गोष्ट आहे सन २०३९ ची. आमच्या शहरात सेक्टर तेरा नाही, माहीत आहे ना? बारानंतर एकदम चौदा. तेरा आकडा अशुभ म्हणून सोडून दिला म्हणतात. तर आमच्या अल्बममध्ये एक मशीन रोज शहरातली माणसं मोजते. मोजणीत कमी पडलेली सगळी माणसं सेक्टर तेरात राहतात, आणि एक दिवस त्याचं फाटक सापडतं.

हे सगळं मराठीत करायचंय. हसू नकोस म्हटलं ना. मशीनला, फाटकाला, हरवण्याला काय काय शब्द आहेत ते लिहून पाठव. लवकर, पक्का?

तुझी रागिणी

•

कोल्हापूर, ११ सप्टेंबर

रागिणीबाई,

अक्षर बरं आहे. 'यमक' शब्द आठवला म्हणजे अगदीच वाया गेली नाहीस.

त्या अमेरिकेतल्या मुलांचं कौतुक मला नको सांगूस. न गाता, ठेक्यात, यमक जुळवून, जे एरवी तोंडातून काढायचं नाही ते चारचौघांत बोलणं, याला आपल्याकडे उखाणा म्हणतात. बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, पण दोन ओळींत बसवलं की खुशाल घ्यायच्या. आणि नवरा-नवरीने नाव घेतल्याशिवाय वरातीला घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही, बहिणीने दार अडवायचं. तुझ्या आईबाबांच्या लग्नात मीच अडवलं होतं. निशिगंधाने ठसक्यात नाव घेतलं. बाळू मात्र घामाघूम. एवढा डॉक्टर झालेला माणूस, दारात उभा राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. शेवटी लहान पोरं पेंगायला लागली म्हणून मी बाजूला झाले. त्याचा उखाणा अजून राहिलाय, सांग त्याला.

तर तू उखाण्याच्या चालीवर लिही, जिभेला सोपं जाईल. शब्द मागच्या पानावर दिलेत. मी तीस वर्षं पोरींना मराठी शिकवतेय, पण हरवण्याला इतके शब्द आहेत हे मलाही आजच कळलं.

आता माझे प्रश्न. पंजाबात राहून मराठीत कशाला? बाबांना माहीत आहे का? आणि हा हरमीत नुसता ठाक-ठाक-धप्पपुरताच आहे ना?

शालिनीआत्या

•

चंदीगड, २४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

हरमीत नुसता ठाक-ठाक-धप्पपुरता आहे. तू पण ना यार.

बाबांना माहीत नाही. सांगणार पण नाही.

मराठीत कशाला ते सांगते. हरमीतच्या गावी एका गाणाऱ्याच्या दारात चिठ्ठी टाकली होती, लग्नात गाणं बंद कर. त्याने केलं नाही. आता त्या गावात लग्नं मुक्याने होतात. म्हणजे पंजाबीत बोललं तर ते खलिस्तानी पिस्तूलवाले. हिंदीत बोललं तर पोलीस. हरमीत स्कूटरवर दिसला की प्रत्येक नाक्यावर त्याला उतरवतात, पगडी बघून. त्याच्या ओळखीतले काही उतरले ते परत स्कूटरवर बसलेच नाहीत. मराठी इथे कोणाला येत नाही. आमच्यासारखी दहा-वीस घरं, तीही फौजी नाहीतर डॉक्टर. मराठीत आम्ही काहीही बोलू शकतो. ती आमची लपायची जागा आहे.

अजून एक. बाबा शवविच्छेदन करतात ते तुला माहीत आहे. त्यांच्या विभागाच्या फाटकाबाहेर आया उभ्या असतात, हातात मुलाचा फोटो घेऊन. बेवारस कोणी आलं का विचारायला. मी बाबांना घ्यायला जाते तेव्हा मला डॉक्टरांची मुलगी म्हणून ओळखतात. एक आहे, तिचा फोटो दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला असतो, पावसाने खराब होऊ नये म्हणून. ती मला रोज पेरू देते. काही मागत नाही, फक्त पेरू देते आणि फोटो दाखवते. बाबा मागच्या दाराने निघून जातात. मी पुढच्या दारात त्यांची वाट बघत बसते आणि ते घरी पोचलेले असतात.

मला त्यांचा राग येतो, आत्या. खूप.

रागिणी

•

कोल्हापूर, ५ ऑक्टोबर

रागिणी,

तुझं पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाचायचा धीर झाला नाही.

बाबांवर रागावू नकोस. बाळू लहानपणी अंधाराला भ्यायचा, तेव्हा तो डोळे मिटून चालायचा. आतासुद्धा तेच करतोय. भित्रा माणूस वाईट नसतो.

तुला थांब म्हटलं तर तू थांबायची नाहीस. माझंच रक्त आहे. म्हणून तुझ्या ओळी दुरुस्त करून पाठवतेय, निदान मराठी तरी धड असू दे. पण एक शपथ घाल स्वतःला. खऱ्या माणसाचं खरं नाव त्यात घालायचं नाही. कुणाचंही. आणि कॅसेट झाली की एक मला पाठव, बाकी कुणाला नको.

आत्या

•

चंदीगड, २५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

झाला. अल्बम झाला. सोबत तुझी कॅसेट आहे. दुसरी हरमीत त्याच्या भावाला साउथॉलला पाठवणार, तिथे एकाकडे स्टुडिओ आहे. तिसरी नाही, पक्का.

पाचवा भाग नीट ऐक. फाटक उघडतं आणि मशीन हजेरी घेते तो. तू म्हणालीस तसं उखाण्याच्या चालीवर केलंय:

दाराला ना कुलूप, ना गल्लीला नाव,
बलजिंदर राहतो तिथे, आई तू धाव.

मशीन मोजते माणसं, मोजून मोजून थकली,
सुखपालच्या नावापाशी सुई तिची हुकली.

अशी अजून आहेत. नावं सगळी मनातली आहेत, टेन्शन घेऊ नकोस.

ऐकून लगेच लिही. चांगलं नसेल तरी लिही.

रागिणी

•

कोल्हापूर, ४ नोव्हेंबर

रागिणी,

दार लावून ऐकली. आधी वाटलं टेपरेकॉर्डर बिघडला, मग कळलं ते मशीन आहे. मग तू बोलायला लागलीस. मला हे असलं काही आवडेल असं वाटलं नव्हतं. ऐकून संपल्यावर मी उठून स्वयंपाकघरात गेले, आणि कशाला आले ते आठवेना. एवढंच लिहिते.

आता नीट वाच. नावं मनातली असती तर त्या जागी तुझा आवाज कापला नसता. ती त्या फाटकावरच्या बायकांची मुलं आहेत, खरं ना? खोटं बोलायचं तर आवाजाला आधी शिकवायचं.

अगं वेडे, बाकी सगळं तू मराठीत लपवलंस. पण नाव लपत नाही. बलजिंदर मराठीतही बलजिंदरच. तुमच्याकडच्या कोणत्याही पोलिसाला त्या बोलण्यातलं तेवढंच कळेल, आणि तेवढं पुरे आहे. हे पत्र मिळेल त्या क्षणी हरमीतकडची कॅसेट पुसून टाका. पोस्टात टाकायची नाही. घराबाहेर काढायची नाही. मी हात जोडते.

आत्या

•

चंदीगड, ८ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र अजून आलं नाही. हरमीतला काल उचलला. कॅसेट पोस्टात टाकायला निघाला होता. नाक्यावर स्कूटर थांबवली, खिशातून कॅसेट निघाली, जीपमधल्या टेपवर लावली. मागून येणाऱ्या एकाने बघितलं. तो सांगतो, सुरुवातीला पोलीस हसत होते. मग हसायचे थांबले आणि त्याला आत बसवलं. त्याचे वडील चौकीवर गेले, त्यांना सांगितलं असा कोणी मुलगा इथे नाही.

मी खोटं बोलले तुझ्याशी. नावं खरी आहेत. पेरू देणारी सुखपालची आई आहे.

मला भीती वाटते. त्याने माझं नाव सांगितलं तर काय होईल, आणि नाही सांगितलं तर त्याचं काय करतील. दोन्हीची भीती वाटते. पहिल्याची जास्त वाटते, आणि त्याची मला इतकी लाज वाटते की आरशात बघत नाही. बाहेर जीपचा आवाज आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते.

बाबा समोर बसून पेपर वाचतायत. सांगू? ते काही करणार नाहीत. ते मागच्या दाराने निघून जातील. फोन करू नकोस, ऐकतात म्हणे. हे स्पीड पोस्टने टाकतेय, काय करू ते तारेने कळव.

रागिणी

•

चंदीगड, १३ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. इथल्या एका मेजरांच्या पत्नी चित्राताई बेळगावला निघाल्या आहेत, त्या वाटेत उतरून तुझ्या हातात देतील. वाचून जाळून टाक.

'बाळूला सगळं सांग' अशी तुझी तार रागिणीच्या नावाने काल संध्याकाळी आली. तोवर मला सगळं कळलं होतं.

काल सकाळी पोलिसांची जीप हॉस्पिटलात आली. त्यांचं येणं मला नवं नाही, माझे अहवाल न्यायला येतातच. पण या वेळी इन्स्पेक्टर म्हणाला, "डॉक्टर साब, आप मराठी हो ना? एक कॅसेट समझनी है." कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ही भाषा मराठीसारखी वाटते. मी त्यांच्याबरोबर चौकीत गेलो.

टेप लावली. आधी ठाक-ठाक असा आवाज. इन्स्पेक्टर म्हणाला, "फायरिंग." मग मुलीचा आवाज आला. ताई, क्षणभर वाटलं निशिगंधा बोलतेय. दुसऱ्या शब्दाला कळलं की ही माझी मुलगी आहे. मी टेबलाखाली दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरले.

घरात ती माझ्याशी हिंदीत बोलते. तिचं एवढं मराठी मी त्या चौकीत पहिल्यांदा ऐकलं. माणसं मोजणारी मशीन, सापडलेलं फाटक, मुलं परत मागणाऱ्या आया. त्यातली कोणतीही एक ओळ खरी सांगितली असती तर तो मुलगा परत आला नसता, आणि जीप तिथून माझ्या घरी गेली असती. मग नावं सुरू झाली. इन्स्पेक्टरने टेप थांबवली. "ये नाम मैं जानता हूँ," तो म्हणाला. "इनके बारे में क्या बोल रही है?"

मी काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हतं. तोंडातून निघालं, "शादी का है, जी."

आणि मग मी बोलतच सुटलो. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव यमकात घेतात, त्याला उखाणा म्हणतात. कोल्हापूरला भावाच्या मुलीचं लग्न आहे. ही माझी मुलगी आहे, त्याची तयारी करतेय. मैत्रिणी एकमेकींना चिडवायला पंजाबी नवरे लावून देतात, कानावर पडली ती नावं घातली. आवाज फायरिंगचा नाही, प्रेस मशीनचा आहे, मशीन त्या मुलाच्या वडिलांची आहे, माणूस पाठवून बघा. आयुष्यात इतकं सलग खोटं मी कधी बोललो नव्हतो. प्रत्येक वाक्यानंतर वाटायचं, आता हा उठेल.

त्याने हाताने मला थांबवलं. मग म्हणाला, "आप भी तो शादीशुदा हो. एक सुनाओ."

ताई, खोलीच्या मागच्या अंगाला जाळीचं दार होतं. त्याच्या आड कुणीतरी कण्हत होतं. समोर हा, मागे ते दार, आणि मला तुझं दार आठवलं. तेव्हाही जीभ अशीच टाळ्याला चिकटली होती. पण तेव्हा तू बाजूला झालीस. इथे कोण होणार होतं?

मी उभा राहिलो आणि म्हणालो:

चंदीगडच्या बागेत गुलाब फुलले फार,
निशिगंधेचं नाव घेतो, उघडा आता दार.

ती गेल्यापासून तिचं नाव मी मोठ्याने घेतलं नव्हतं. घरातसुद्धा नाही. दुसऱ्या ओळीला माझा आवाज फुटला आणि मी रडलो, त्या लोकांसमोर, उभ्या उभ्या. इन्स्पेक्टरने विचारलं, "निशिगंधा कौन?" मी म्हटलं, "मेरी पत्नी. गुज़र गई." तो खाली बघायला लागला. मग हवालदाराला म्हणाला, "खोल दे."

मुलाला मी धरून बाहेर आणलं. डॉक्टर म्हणून मला जे दिसलं ते तुला लिहीत नाही. जिना उतरताना तो एवढंच बोलला, "अंकल, मैंने उसका नाम नहीं लिया."

कॅसेट त्यांनी ठेवून घेतली. निघताना इन्स्पेक्टर म्हणाला, "शादी का कार्ड दिखाना, डॉक्टर साब." हसून म्हणाला, पण ते हसणं मला कळलं नाही. मला कार्ड हवंय, ताई. लग्न कुणाचंही लाव.

बाळू

•

कोल्हापूर, २२ नोव्हेंबर

बाळू,

चित्राताई परत निघाल्यात, त्यांच्याच हाती हे पाकीट देतेय, आत दहा निमंत्रणपत्रिका आहेत. तू भावाची मुलगी म्हणालास, म्हणून आपल्या विनायकच्या विनयाचं लग्न लावलंय. ती अकरावीत आहे, तिला कळलं तर मला चावेल. सुरेश नावाचा नवरा मी कुठून आणला ते विचारू नकोस. छापखान्यातल्या श्यामसुंदरने मुहूर्त विचारला, तेव्हा पौष लागायच्या आतली एक तारीख दिली, म्हणजे कुणी मराठी माणसाने पाहिली तरी शंका यायला नको. त्या सुमाराला तुम्ही दोघं खरोखर इकडे या. बंद घर बघून कुणी विचारलं तर लग्नाला गेलेत म्हणायला बरं.

पत्र जाळलं. उखाणा मात्र पाठ झाला. इतक्या वर्षांनी का होईना, पोचला. चाल जरा जुनी आहे, पण चालेल.

माझ्याकडची कॅसेट जाळायला सांगशील, म्हणून आधीच सांगते, जाळणार नाही. ती कुठे आहे ते मी कुणाला सांगणार नाही, तुलासुद्धा.

रागिणीला रागावू नकोस. रागवायचंच असेल तर मला रागव. चाल मी सुचवली होती.

ताई

•

चंदीगड, ११ फेब्रुवारी १९९०

प्रिय आत्या,

तुझ्याकडून येऊन दीड महिना झाला आणि मी एक ओळ लिहिली नाही. सॉरी. लिहायला बसले की बाहेर जीप ऐकू यायची.

हरमीतला घरच्यांनी कानपूरला मामाकडे पाठवलं. जायच्या आधी भेटलो. त्याने कॅसिओ मला दिला. वाजवून दाखव म्हटलं तर हात खिशातून काढला नाही. आम्ही अल्बमबद्दल काहीच बोललो नाही, पेपरांबद्दल बोललो, परीक्षेच्या.

बाबांनी कार्ड नेऊन दिलं. इन्स्पेक्टरने ते उलटसुलट करून बघितलं आणि टेबलाच्या काचेखाली घातलं. अजून तिथेच आहे म्हणतात. बाबा कधी कधी जेवताना मधेच थांबतात आणि म्हणतात, त्या कॅसेटला कोणी मराठी समजणारा भेटला तर. मग जेवतात. ते आता पुढच्या दाराने बाहेर येतात. बायका फोटो पुढे करतात, ते चष्मा काढून प्रत्येक फोटो बघतात. घाबरलेले असतात, मला दिसतं, कपाळावर घाम असतो थंडीत सुद्धा. पण बघतात.

आता खरी गोष्ट. काल मी सेक्टर बावीसच्या मार्केटला गेले होते. पोलिसांची जीप उभी होती आणि टेप चालू होता. मोठ्याने. ठाक-ठाक-धप्प. मी गाजरवाल्याच्या हातगाडीमागे उभी राहिले आणि गाडी घट्ट धरली. त्यांना ते आवडलंय. लग्नाचं गाणं म्हणून वाजवतात. एक शिपाई बोनेटवर ताल धरत होता. माझा आवाज अख्ख्या मार्केटमध्ये.

पाचवा भाग लागला. बलजिंदरचं नाव आलं. रस्त्याच्या कडेने एक बाई चालली होती, ती थबकली. सुखपालची आई. तिच्या हातात तीच दुधाची पिशवी. ती जीपजवळ गेली. मला ओरडावंसं वाटलं, जाऊ नका, पण मी गाडी सोडली नाही. मग सुखपालचं नाव आलं. ती हलली नाही. रडली पण नाही. शिपायाला विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, "शादी का गाना है, माई." तिने विचारलं, "किसकी शादी?" तो हसला. "जिसका नाम आए, उसकी." त्याला काहीच माहीत नव्हतं.

ती म्हणाली, परत लाव. त्याने मागे घेऊन परत लावलं.

मी पळून जाणार होते, खरं सांगते. ती मला ओळखते. एक शब्द जरी बोलली असती, ही डॉक्टरांची मुलगी, हिला मी सुखपालचा फोटो दाखवते, तर संपलं होतं. पण मी गाडीमागून निघाले आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. का ते माहीत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग टेपकडे, मग परत माझ्याकडे. आवाज ओळखला असेल का, मला कळलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "ये कौन सी बोली है, पुत्त?"

मी म्हटलं, "मराठी."

तिने पिशवीतून पेरू काढून माझ्या हातात दिला. "नां तां साफ लैंदे ने," म्हणाली. नावं तर स्वच्छ घेतात.

मग आम्ही दोघी तो भाग संपेपर्यंत तिथे उभ्या राहिलो.

तुझी रागिणी